शेवाळासकट जा

वाचकाचं पत्र :

"ताई, मी नाशिकरोडला राहते. वय ४१, आठवी-नववीला विज्ञान शिकवते. माहेर दिंडोरीकडचं, द्राक्षबागेचं. दोन वर्षांपूर्वी लेकीसाठी माशांचा दोन फुटी काचेचा टँक घेतला आणि लेकीपेक्षा मलाच त्याचं वेड लागलं. प्लास्टिकची झाडं काढून खरी लावली. वॅलिसनेरिया माजलीय, पण अनुबियासच्या पानांवर काळे केसाळ पुंजके आलेत, काचेवर दर आठवड्याला हिरवा थर बसतो. मासे घेते त्या दुकानदारांनी सांगितलं, की शहरात प्लांटेड टँकवाल्यांचा, म्हणजे टँकमध्ये खरी पाणझाडं वाढवणाऱ्यांचा, एक ग्रुप आहे, महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतात, तुम्हीही या. त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले आणि माझी छातीच दडपली. सगळे पुरुष, बहुतेक तिशीच्या आतबाहेरचे. इम्पोर्टेड सॉइल, झाडांसाठी सीओटूचे (कार्बन डायऑक्साइडचे) सिलिंडर. आमच्याकडे त्यातलं काही नाही. मिस्टर म्हणतात, तिथं गेलीस की खर्च वाढणार. सासूबाईंना वेगळीच काळजी, की ही सगळी मंडळी एक दिवस आपल्या घरी येणार. मला वाटतं, आधी टँक नीट करावा, शेवाळ घालवावं आणि मग सहा महिन्यांनी जावं. बरोबर ना?"

प्रिय ताई,

नाही, बरोबर नाही. येत्या रविवारी जा. सहा महिने थांबलात तर सहा महिन्यांनीही काचेवर काहीतरी असेलच आणि तुम्ही आणखी सहा महिने मागून घ्याल. मी हे ठामपणे सांगते, कारण माझ्या ओळखीत अशा किमान चार-पाच जणी आणि तितकेच जण आहेत, ज्यांनी टँक "दाखवण्याजोगा" होण्याची वाट पाहिली आणि शेवटी तो रिकामा करून माळ्यावर टाकला. त्यातल्या एकीच्या टँकमध्ये सुई टोचल्यासारखी बारीक भोकं पडलेली पानं होती. पोटॅशियम कमी पडत होतं, एवढंच. कुणीतरी बघून दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण बघणारं कुणी नव्हतं.

आधी त्या फोटोंचं बोलू, कारण तुमची छाती तिथंच दडपली आहे. असे फोटो म्हणजे लग्नाचा अल्बम. या छंदाला आजचं रूप दिलं ते जपानच्या ताकाशी अमानो यांनी. निइगाताचे, १९५४ चा जन्म, पेशानं छायाचित्रकार. २०१५ साली ते गेले. त्यांच्या कंपनीनं २००१ पासून टँकच्या रचनांची जागतिक स्पर्धा सुरू केली आणि तेव्हापासून सगळं जग त्या फोटोंकडे बघून स्वतःचा टँक मोजायला लागलं. पण फोटोच्या दिवशी काय होतं ते बघा. फिल्टरचे पाइप बाहेर काढतात. हीटर काढतात. काच आतून-बाहेरून पुसतात. वरून एरवीपेक्षा दुप्पट-तिप्पट लाइट लावतात, पाण्यावर लहरी दिसाव्यात म्हणून कुणी हेअर ड्रायर धरतं. झाडं त्या एका आठवड्यापुरती ऐन भरात असतात, पुढच्या रविवारी निम्मी कापावी लागतात. ग्रुपमधल्या एखाद्याच्या घरी साध्या मंगळवारी संध्याकाळी गेलात, तर तोही काचेवर ब्लेड फिरवत बसलेला दिसेल. दुकानदारांनी तुम्हाला मंगळवार दाखवला नाही.

माझा पहिला रविवार सांगते. २००९ ची गोष्ट, पुण्यात. माझ्या टँकमध्ये क्रिप्टोकोरायनीचा एक छान गड्डा होता, तपकिरी-हिरव्या पानांचा. एके दिवशी मी तळाची सगळी वाळू बदलली, टँक खिडकीपासून भिंतीकडे हलवला आणि चौथ्या दिवशी पानं देठापासून गळायला लागली. गळायला म्हणजे विरघळायलाच. बोट लावलं की पान जेलीसारखं हातात यायचं, कडेनं पारदर्शक झालेलं, वास कुजलेल्या भाजीचा. मी ती पानं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरली आणि कुणाच्या तरी घरी दहा-बारा लोक जमणार होते तिथं घेऊन गेले. जिन्यात दोनदा वाटलं, परत फिरावं. लोक झाडं घेऊन येणार आणि मी कुजका पाला.

तिथं रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी डबा उघडला, एक पान तळहातावर घेतलं, उजेडात धरलं, वास घेतला. मग एकच प्रश्न विचारला, "मुळं उपटली का?" मी म्हटलं, अजून नाही, उद्या टाकूनच देणार आहे. ते म्हणाले, "उपटू नका. पानं सगळी कापून टाका, मुळांना हात लावू नका, आणि आता महिनाभर काही म्हणजे काही बदलू नका. क्रिप्टला हलवलेलं सोसत नाही. ते पानं टाकतं आणि मुळांत जीव धरून बसतं." एकोणिसाव्या दिवशी वाळूतून टाचणीएवढं एक टोक वर आलं, पिळलेलं, तांबूस. त्या गड्ड्याची पिलं आजवर किती घरांत गेली याचा हिशोब मी ठेवलेला नाही. टँक चांगला झाल्यावर जायचं ठरवलं असतं, तर तो गड्डा दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या गाडीत गेला असता.

म्हणून म्हणते, शेवाळासकट जा. ग्रुपला सगळ्यात जास्त उपयोग बिघडलेल्या टँकचा होतो. चांगल्या टँकसमोर लोक फक्त "वा" म्हणतात. बिघडलेल्या टँकसमोर बोलतात.

आता तुम्ही म्हणाल, सल्ला तर व्हिडिओंमध्येही मिळतो. मिळतो, आणि त्यातला बराच चांगलाही असतो. पण जर्मनीतल्या किंवा जपानमधल्या माणसाला तुमच्या नळाचं पाणी माहीत नाही. नाशिकमध्ये गंगापूर धरणाचं पाणी वेगळं, नाशिकरोडच्या काही भागाला दारणेचं येतं ते वेगळं, आणि उन्हाळ्यात सोसायटीत बोअरचा टँकर आला की तिसरंच. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून मुरून येतं, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त. तुमच्या पुस्तकातला शब्द "दुष्फेन". एका पाण्यात रोटाला नावाचं झाड लालभडक होतं, दुसऱ्यात खुरटतं. पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात नळाला गढूळ पाणी येतं, क्लोरीनचा वास वाढतो, त्या आठवड्यात पाणी बदलायचं की थांबायचं? एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी ३२ अंशांवर गेलं की मॉस काळं पडतं, कोळंबी मरते. मग टँकवर तिरका टेबलफॅन लावायचा, पाण्याची वाफ होऊन दोन-तीन अंश उतरतात, पण रोज तेवढं पाणी भरावं लागतं. जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाला की नाशिकरोडलाही हुडहुडी भरते, तेव्हा हीटर किती वॅटचा? लाइट चार तास गेली तर फिल्टरमधल्या जिवाणूंचं काय? या प्रश्नांची उत्तरं ज्यांच्याकडे आहेत ती माणसं तुमच्याच शहरात राहतात, तुमचंच पाणी पितात. कुणीतरी गेल्या मे महिन्यात या सगळ्यातून गेलेलं आहे. तुमच्या छंदाला लागणारं निम्मं ज्ञान हे असं गावापुरतं असतं, ते कुठं लिहिलेलं सापडत नाही.

जाताना डॉक्टरकडे जातो तशी तयारी करा. दोन स्वच्छ बाटल्या घ्या, एकीत नळाचं पाणी, एकीत टँकचं. तिथं कुणाकडे तरी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) आणि टेस्ट किट असणारच. टँकचा फोटो काच न पुसता काढा. काळ्या पुंजक्यांचा एक जवळून. आणि एका कागदावर लिहून न्या : लाइट किती वाजता लागतो, किती वाजता बंद होतो, मासे किती, खाणं किती वेळा, पाणी शेवटचं कधी बदललं. हे खरं खरं लिहा. आठवड्याला बदलते असं म्हणायचं आणि तीन आठवडे झालेले असायचे, हे सगळ्यांचंच होतं.

पत्रात तुम्ही लाइटबद्दल काही लिहिलेलं नाही, पण मला शंका आहे, की तुमच्या घरी तो सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चालू असतो. बहुतेक घरांत असतो, कारण टँक हॉलची शोभा असते. रविवारपर्यंत एवढं करा : टायमर लावून लाइट सहा तासांवर आणा, संध्याकाळी तुम्ही घरी असता तेव्हाचे सहा तास. खिडकीचं ऊन टँकवर पडत असेल तर पडदा ओढा. काळ्या केसांना ग्रुपमध्ये सगळे "बीबीए" म्हणतील, ब्लॅक ब्रश अल्गी. अनुबियास फार सावकाश वाढणारं झाड, एकेक पान महिनोन्महिने तेच, म्हणून त्याच्यावर ते हमखास बसतं. जे पान पूर्ण काळं झालंय ते कापून टाका, ते पुन्हा हिरवं होत नाही. कंदासारखा जो आडवा खोडाचा भाग आहे तो वाळूत पुरला असेल तर वर काढून लाकडाला किंवा दगडाला दोऱ्यानं बांधा, नाहीतर कुजेल. आणि एक सावधगिरी. बीबीए म्हटलं की कुणीतरी लगेच "लिक्विड कार्बन टाका" म्हणेल, म्हणजे शेवाळावर टाकतात ते बाटलीतलं रसायन. तुमच्याकडे वॅलिसनेरिया आहे, तिला ते बहुधा सोसत नाही, पानं गळून पडतात. बाकीचं त्यांना विचारा. सगळी उत्तरं मीच दिली तर तुम्ही जाणार नाही.

आता रिकाम्या हातांचं. इम्पोर्टेड सॉइल नाही, सीओटू नाही, मग आपण तिथं काय घेऊन जाणार, असं तुमच्या मनात असेल. तुमच्याच पत्रात उत्तर आहे : वॅलिसनेरिया माजलीय. त्या ग्रुपचा खरा व्यवहार पैशांत चालत नाही, कापलेल्या फांद्यांवर चालतो. ज्याच्याकडे जे माजलं ते तो कापतो आणि ज्याच्याकडे नाही त्याला देतो. आपल्याकडे तुळशीचं रोप, गुलाबाची फांदी, कढीपत्त्याचं पिल्लू जसं कुंपणावरून जातं, तसंच. नव्यानं टँक लावणाऱ्याला पहिल्या महिन्यात भराभर वाढणारी झाडंच हवी असतात, कारण ती पाण्यातलं जास्तीचं खत ओढून घेतात आणि शेवाळाला उपाशी ठेवतात. तुमच्या लेकुरवाळ्या वॅलिसनेरियाची दहा पिलं त्या खोलीतल्या कुणा नवशिक्याला लाखमोलाची आहेत. महागाचं नाजूक झाड आणणारे पुष्कळ असतात. न मरणारं झाड आणणारी माणसं लोकांच्या लक्षात राहतात.

नेताना पाण्याच्या पिशवीत नेऊ नका, पाणी हिंदकळून पानं मोडतात. वर्तमानपत्र ओलं करा, पिलं त्यात सैल गुंडाळा, वर प्लास्टिकची पिशवी, थोडी हवा ठेवून गाठ. अशी ती दोन दिवसही टिकतात. पानांच्या टोकाला काळं असेल तर ते आधीच कापा, आपलं शेवाळ दुसऱ्याच्या घरी पाठवू नये.

झाडांपेक्षाही मोलाची एक गोष्ट तिथं मिळते आणि ती कुणी विकत नाही : जुन्या फिल्टरच्या स्पंजचा पिळा. तुम्ही नायट्रोजन चक्र शिकवता, त्यामुळे तुम्हाला हे कुणीही सांगायला नको. माशांच्या विष्ठेतून अमोनिया, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, मग नायट्रेट, आणि ते झाडं खातात. नव्या टँकमध्ये हे जिवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. "टँक सायकल झाला का?" असं ही मुलं विचारतील तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं. जुन्या, निरोगी टँकच्या स्पंजचं ते तपकिरी पाणी म्हणजे विरजण आहे. शेजारणीकडून वाटीभर आणावं तसं आणायचं. विरजण चांगल्या घरचं असावं हेही खरं, मासे आजारी असलेल्या टँकमधून घेऊ नका.

आता मिस्टरांचा मुद्दा, की खर्च वाढेल. तो अगदीच खोटा नाही. अशा घोळक्यात बसलं की डोळ्यांना सवय लागते, आपल्याकडे हेही हवं, तेही हवं, असं वाटायला लागतं. म्हणून पहिल्या तीन बैठका काही विकत घ्यायचं नाही, असं स्वतःशी ठरवून टाका. तुमच्याकडे जी झाडं आहेत, अनुबियास, वॅलिसनेरिया, पुढे जावा फर्न, क्रिप्ट, त्यांना सीओटूचा सिलिंडर लागत नाही. तो लाल झाडांच्या आणि हिरवळीसारख्या दाट कार्पेटच्या मंडळींचा खेळ आहे. करायचा असेल तेव्हा करा, नाही केला तरी टँक सुंदर होतो.

आणि खताच्या बाबतीत तर तुमचं माहेरच तुम्हाला श्रीमंत करून ठेवतंय. दिंडोरीला भावाच्या शेडमध्ये 13:0:45 ची पिशवी असेलच, द्राक्षाला ड्रिपमधून सोडतात ती. ते म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आणि 0:52:34, म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. प्लांटेड टँकच्या छोट्या छोट्या बाटल्यांत रंगीत लेबल लावून जे विकतात, त्यात मुख्यतः हेच असतं. ५० लिटर पाण्यात १ ग्रॅम 13:0:45 टाकलं, की नायट्रेट साधारण १२ पीपीएमनं (लिटरमागे १२ मिलिग्रॅमनं) वाढतं. तुमचा टँक दोन बाय एक बाय एक फुटाचा असेल तर त्यात ५६ लिटर मावतात, वाळू-दगड वजा जाता ५०च धरा. आठवड्याला अर्ध्या ग्रॅमपासून सुरुवात पुरे. चमच्यानं मोजू नका, सोन्याचांदीसाठी मिळतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या. एक पसा खत कागदाच्या पुडीत बांधून ग्रुपमध्ये नेलंत, तर त्या तिशीतल्या मुलांना वर्षभर पुरेल.

पण इथं शिक्षिकेच्या काटेकोरपणानं वागायचं. शेडमध्ये शेजारीच 19:19:19 आणि 12:61:0 च्या पिशव्या असतात. त्या टँकमध्ये कधीच नाही. त्यांत अमोनियम असतं, 19:19:19 मध्ये युरियाही. मासे मरतील आणि शेवाळाला मेजवानी होईल. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं असतं, पुढेमागे कोळंबी आणलीत तर ते अगदी चिमटीत. मी स्वतः एकदा हात सैल सोडला होता आणि एका रात्रीत सतरा चेरी कोळंब्या गेल्या. सकाळी त्या गुलाबी पडून तळाशी आडव्या होत्या. अजून आठवलं की वाईट वाटतं.

सगळे पुरुष आहेत, हा तुमचा खरा संकोच असावा, म्हणून तुम्ही तो एका वाक्यात उरकलात. त्यावर मी उडवाउडवीचं उत्तर देणार नाही. अनोळखी माणसाच्या घरी एकट्यानं जायला बाईला विचार करावा लागतो, आणि तो करावा. दुकानदारांकडून ग्रुप चालवणाऱ्याचा नंबर घ्या आणि सरळ फोन करा : बैठक कुणाच्या घरी आहे, घरची माणसं असतात का, मी लेकीला घेऊन आले तर चालेल का. चांगल्या ग्रुपमध्ये या प्रश्नांना मोकळं उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा "अहो, या ना, आईला सांगतो, पोहे जास्त टाकेल" असं मिळतं. उत्तर देताना कुणी घुटमळलं, चेष्टेवारी नेलं, तर तो रविवार सोडा. मी गेले तेव्हा मीही एकटीच बाई होते. पहिले दोन महिने सगळे मला काकू म्हणत आणि झाडांऐवजी मुलांच्या शिक्षणाबद्दल विचारत. तिसऱ्या महिन्यात एकाचं क्रिप्ट विरघळलं आणि त्यानं मला फोन केला. त्यानंतर कुणाला काही वाटलं नाही, मलाही नाही. आज त्या ग्रुपमध्ये पाच जणी आहेत, त्यातल्या दोघी मी असल्याचं कळल्यावर आल्या. तुमच्या पाठोपाठही कुणीतरी येईल, कदाचित तुमच्याच वर्गातली एखादी.

लेकीला मात्र जरूर न्या. टँक तिच्यासाठी आणला होता हे विसरू नका. मुलांना अशा ठिकाणी फार लवकर प्रश्न सुचतात.

सासूबाईंच्या काळजीला सोपं उत्तर आहे. यजमानपदाची सक्ती नवीन माणसावर कुणी करत नाही, पहिलं वर्ष तर नाहीच. आणि पुढे कधी बोलावलंत, तर बारा माणसं दीड तास एका टँकसमोर मांडी घालून बसतात, चहा पितात आणि जातात. माझ्या आईला सुरुवातीला हेच वाटायचं. नंतर ती प्रत्येकाला, "तुमच्याकडचे मासे कसे आहेत?" असं नावानिशी विचारायला लागली.

आता ग्रुप चांगला आहे की नाही ते कसं ओळखायचं. हे महत्त्वाचं आहे, कारण सगळेच चांगले नसतात. मी एका ग्रुपमधून बाहेर पडले आहे. तिथं प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एका खरेदीपाशी येऊन थांबायचं. शेवाळ आलं? हा लाइट घ्या. पान पिवळं पडलं? ही बाटली घ्या. चार महिन्यांत कुणी एक फांदी कुणाला फुकट दिलेली मी पाहिली नाही. पहिल्या बैठकीत एवढंच बघा : लोक आपलं काय बिघडलं ते सांगतात का, आणि निघताना हातात ओल्या कागदाच्या पुड्या असतात का. दोन्ही असेल तर राहा.

दुसरी गोष्ट पावसाळ्यात कळेल. काही ग्रुपमध्ये कास पठारावर, कोकणातल्या ओढ्यांवर "कलेक्शन"ला जायची टूम निघते. आपला सह्याद्री पाणवनस्पतींनी श्रीमंत आहे, कोकणातल्या ओढ्यांत क्रिप्टोकोरायनी आपसूक उगवतात, कासच्या उथळ डबक्यांत वायतुऱ्याचे ते दुपेडी तुरे येतात, जे सातारच्या नावानंच शास्त्रात ओळखले जातात. बघायला अवश्य जा, वाकून, गुडघ्यावर बसून बघा, फोटो काढा. उपटून आणणाऱ्यांबरोबर जाऊ नका. वायतुरा पावसात वर येतो आणि बाकी वर्ष कंद होऊन जमिनीत निजतो, तुमच्या-माझ्या हॉलमध्ये तो मरणारच. माशांचंही तसंच. "मिस केरळा" म्हणून विकतात तो लाल-काळ्या पट्ट्यांचा देखणा मासा फक्त सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या नद्यांतला. शौकिनांसाठी इतका पकडला गेला, की आज तो संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. हौस म्हणून आणायचाच असेल तर टँकमध्ये पैदास केलेलाच आहे ना, हे विचारून घ्या.

आणि उलट दिशेनंही तितकंच जपायचं. गोदावरीत पाणवेली तुम्ही रोज बघता. तीही शोभेची वनस्पती म्हणूनच दक्षिण अमेरिकेतून या देशात आली होती. उजनीच्या जाळ्यांत आता सकर मासा सापडतो, तो कुणाच्या तरी काचेच्या टँकमधूनच पाण्यात गेलेला असणार. कापलेली झाडं नाल्यात, बेसिनमध्ये टाकू नका, उन्हात वाळवा आणि कुंडीत घाला. मासा नकोसा झाला तर ग्रुपमध्ये सांगा, कुणीतरी घेतं. ज्या ग्रुपमध्ये "नदीत सोडून द्या" म्हणणाऱ्याला बाकीचे अडवतात, तो ग्रुप तुमचा.

परत येताना पुड्या घेऊन याल, त्या थेट टँकमध्ये टाकायच्या नाहीत. एका पांढऱ्या बादलीत आठवडाभर ठेवा, पांढऱ्या अशासाठी की गोगलगाईंची जेलीसारखी अंडी आणि डकवीडचं एखादं हिरवं पान लगेच दिसतं. डकवीडचं एक पान आत गेलं, की दोन महिन्यांत पृष्ठभाग दिसेनासा होतो. ती बादली लेकीच्या ताब्यात द्या, तिला भिंग द्या.

पहिल्या बैठकीत एकच प्रश्न विचारा, काळ्या केसांचा. दहा जण दहा उत्तरं देतील, त्यातल्या दोघांचं आपसात जुंपेल. घाबरू नका, ते नेहमीचंच आहे. ज्यानं आधी तुमचा कागद पूर्ण वाचला आणि मग तोंड उघडलं, त्याच्याजवळ बसा.

वॅलिसनेरिया शनिवारी रात्री नव्हे, रविवारी सकाळी निघायच्या आधी काढा. पिलू मातृझाडापासून कापताना दोघांना जोडणारी देठाची दोरी दोन बोटं ठेवा, आणि मुळांवरची वाळू धुऊ नका, तशीच गुंडाळा.